सल्ला हवा: अंदमानच्या जंगलात नऊ दिवस, तंबू टाकून आणि कमी खर्चात

रानजाई:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि मैत्रीण अंदमानला जातोय. पुणे–चेन्नई–पोर्ट ब्लेअर तिकिटं काढून झाली आहेत. विमान सोडून बाकी सगळ्याला दोघींत मिळून ३०,००० रुपये आहेत. त्यातले सामानावर जास्तीत जास्त ६,०००. सेल्युलर जेल पाहणारच, पण खरी ओढ आहे ती गर्जन-पडौकसारख्या मोठ्या झाडांच्या जंगलाची. स्कूबा नको, रिसॉर्ट नको. सह्याद्रीत तंबूत राहायची सवय आहे, पण जंगल थेट समुद्राला टेकतं असा प्रदेश नवीन आहे.

विचारायचं हे: तंबू न्यावा की हॅमॉक (दोन झाडांत बांधायची झोळी)? मुक्काम कुठे करता येईल? सँडफ्लाय (किनाऱ्यावरच्या बारीक चावऱ्या माश्या) आणि जळवांचं काय? आणि स्टोव्ह न्यावा का?

डोंगरभाऊ:
तंबूवर पैसे वाचवू नका. दोन थरांचा, अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्यांचा, ३,००० मिलिमीटर जलरोधक फ्लायचा (वरच्या आवरणाचा) तंबू घ्या. १४,००० च्या आसपास चांगला मिळतो आणि दहा वर्षं टिकतो. माझ्याकडे तोच आहे. स्वस्त तंबूच्या फायबरच्या काठ्या सांध्याजवळ उभ्या चिरतात आणि मग त्यांचं कूस बोटात जातं.

निळाई:
हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, सोडून बाकी कुठे जाऊच नका. राधानगर किनारा आणि एक तरी स्कूबा डाइव्ह. अंदमानला जाऊन पाण्याखाली न बघणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघणं.

रानजाई:
डोंगरभाऊ, सामानाची मर्यादा ६,००० आहे. निळाईताई, स्कूबा नकोय.

अरण्यक:
तंबू कोणता याआधी तंबू कुठे, हे ठरवा. अंदमानचं बहुतेक जंगल राखीव किंवा संरक्षित आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्र काढणं हा वन कायद्याखाली गुन्हा आहे आणि राष्ट्रीय उद्यानात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. 'किनारा तर सगळ्यांचा' हे तिथे चालत नाही. संध्याकाळी पोलीस किंवा वनरक्षक उठवतात, आणि अंधारात तंबू गुंडाळून चालत जाणं हे तंबूत राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

मार्ग दोन. एक म्हणजे गेस्ट हाउसवाल्याला विचारून त्याच्या आवारात तंबू लावायचा. खोलीपेक्षा स्वस्त पडतं, संडास-पाणी मिळतं. दुसरा म्हणजे स्थानिक वन कार्यालयात लेखी अर्ज. ओळखपत्राच्या प्रती, तारखा, माणसं किती, जागा कोणती, चूल पेटवणार नाही असं लिहून द्यायचं. मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर आवार. दिवसा जंगल, रात्री आवार, अशीच आखणी करा.

सागरवेल:
पोर्ट ब्लेअरला राहते, म्हणून ठिकाणांबद्दल सांगते. आता गावाचं अधिकृत नाव श्री विजयपुरम झालंय, तिकिटावर दोन्ही दिसतील, गोंधळू नका.

जंगल हवं असेल तर हॅवलॉक हा सर्वांत कमी फायद्याचा पर्याय आहे. तिथे एलिफंट बीचची पायवाट आहे, साधारण चाळीस मिनिटांची. आधी झाडी, मग खारफुटीचा चिखल, आणि संपलं. त्यापेक्षा उत्तरेला या. रंगत गावच्या येराटा जेटीवरून लाँग आयलंडला बोट जाते. बेटावर वाहनांची वर्दळ नाही. गावातून लालाजी बेपर्यंत जंगलातून दीड-दोन तासांची वाट आहे, वाटेत डोक्यावरचं आकाश जवळजवळ दिसत नाही. निघण्याआधी तिथल्या वन कार्यालयात नोंद करा. मग पुढे दिगलीपूर. सॅडल पीक ७३२ मीटर, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. लामिया बेच्या चौकीवर परवानगी घेऊन चढायचं, एका बाजूने सुमारे आठ किलोमीटर. सुरुवातीला किनाऱ्याने सपाट आणि मग जंगलात खडी चढण. वर मुक्काम नाही, त्याच दिवशी खाली.

सरकारी बस स्वस्त आहे. दिगलीपूरची पहाटे चारच्या सुमारास सुटते आणि बारा तास धरून चाला. जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्यानेच सोडतात. खिडकीतून फोटो काढायचा नाही, खाऊ फेकायचा नाही, थांबायचं नाही. नियम कडक आहे आणि तो पाळायलाच हवा, ती माणसं प्रदर्शनात मांडलेली नाहीत.

अरण्यक:
सागरवेल यांना पूर्ण अनुमोदन. शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

निळाई:
बारा तास बसमध्ये? नऊ दिवसांतले दोन गेले. खासगी बोटीने हॅवलॉक दीड तासात. वेळेलाही किंमत असते.

चौथी_सीट:
मग चेन्नईहून जहाजच का नाही? तीन-चार दिवस लागतात पण बंकचं तिकीट स्वस्त पडतं.

सागरवेल:
त्यांची विमानाची तिकिटं काढून झाली आहेत, पहिल्याच ओळीत लिहिलंय. आणि निळाई, हॅवलॉकला जायचंच तर फिनिक्स बे जेटीवरून सरकारी बोट अडीच तासांत जाते आणि खासगी बोटीच्या भाड्याच्या बऱ्याच खाली. फक्त तिकीट आधी काढावं लागतं, ऐनवेळी जागा मिळत नाही.

कोकणकर:
सँडफ्लायबद्दल. आपल्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत येते, कारण ती डासापेक्षा कितीतरी लहान. तेव्हा 'मच्छरदाणी नेली की झालं' हा समज सोडा. उपाय: पायाला खोबरेल तेलाचा जाड थर, त्यात थोडं डेटॉल. वासाने पळते म्हणून नव्हे, थरात पाय चिकटून चावता येत नाही म्हणून. तेल घामाने आणि वाळूने निघतं, दर दोन तासांनी परत लावा. ऊन उतरल्यावर आणि पहाटे ओल्या वाळूवर बसू नका, गवतावर किंवा बाकावर बसा. चावलं तर खाज दुसऱ्या दिवशी वाढते. खाजवून फोडलं की त्या दमट हवेत जखम लवकर चिघळते.

भरतीचं गणित सोपं आहे. तिथीला पाऊण तासाने गुणा, भरतीची वेळ येते. तंबू त्याप्रमाणे लावा.

अरण्यक:
कोकणकर, तेलाबद्दल बरोबर, भरतीबद्दल नाही. तिथी गुणिले पाऊण हे गणित आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठी बसलेलं आहे. बंगालच्या उपसागरात ते लावलं तर वेळ चुकेल. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता बघायचा. किनाऱ्याला लागून राहणार असाल तर वाळूवर शेवाळ, शंख आणि काटक्यांची जी सर्वांत वरची रेघ दिसते तिच्याही वर, झाडीत सरकून जागा घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी एरवीपेक्षा वर येतं, त्यामुळे कालची ओली रेघ बघून अंदाज बांधू नका.

कोकणकर:
आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालतंय हे गणित. पण तक्ता बघितलेला बरा, हे मान्य.

डोंगरभाऊ:
पुन्हा सांगतो, चांगला तंबू असेल तर जाळी आपोआप बारीक येते. सँडफ्लायचा प्रश्नच मिटला.

झोळीवाला:
तंबू हवाच कशाला? हॅमॉक घ्या. जमीन ओली, वर मुंग्या, गोम आणि खेकडे, आणि तुम्ही त्यांच्यावर झोपणार? दोन झाडांत चार-पाच मीटर अंतर, पट्टा छातीच्या उंचीवर, दोरीचा जमिनीशी कोन तीस अंश. कोन कमी झाला की ताण वाढतो आणि गाठ सरकते. दोरी थेट झाडाला बांधू नका, साल कापते. चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा वापरा. वर तीन बाय तीनचा टार्प (हलकी ताडपत्री) तिरका ताणायचा. दोन्ही टोकांच्या दोरीवर सुतळीचा एकेक तुकडा लोंबता ठेवा, पावसाचं पाणी दोरीवरून आत येण्याऐवजी त्यावरून खाली गळतं.

सागरवेल:
हॅमॉकचं तंत्र बरोबर आहे, पण या प्रवासाला दोन अडचणी. गेस्ट हाउसच्या आवारातली झाडं बहुतेक नारळाची. नारळाखाली झोपायचं नाही, झावळी पडली तरी डोकं फुटतं. आणि पाठीखालच्या पातळ कापडातून डास सरळ चावतात. खाली चटई घातली तरच थांबतात, म्हणजे वजन परत तेवढंच. शिवाय दोघींना दोन हॅमॉक, दोन जाळ्या.

झोळीवाला:
नारळाखाली नकोच. पण तंबूपेक्षा हवा खेळती राहते, हे कुणी नाकारणार नाही.

अरण्यक:
हवेबद्दल झोळीवाले बरोबर आहेत. आणि तंबूवाल्यांनी हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. फेब्रुवारीत तिथे रात्रीचं तापमान तेवीस-चोवीसच्या आसपास आणि हवा दमट. चारही बाजूंनी बंद फ्लाय घातली की श्वासाची आणि घामाची वाफ बाहेर जात नाही, कापडाला आतून पाणी सुटतं आणि पहाटे ते अंगावर गळतं. तंबू गळतो म्हणून दुकानात परत करणारे लोक याच वाफेला पाऊस समजतात. ३,००० मिलिमीटरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. वरची हवा निघायला झरोका आणि बाजूंना जाळी, हे बघा. एका थराचा, आतून लेप दिलेला स्वस्त तंबू तर नकोच, त्यात पहाटेपर्यंत अंगाची उकड होते. स्लीपिंग बॅग घरी ठेवा, एक सुती चादर पुरते.

खुंट्यांचंही तेच. वाळूत नेहमीच्या बारीक खुंट्या बोटाने उपसून येतात. रिकामी कापडी पिशवी वाळूने भरा, दोरी तिला बांधा आणि हातभर खोल पुरा. आडवी पुरलेली जाड काठीही चालते. जंगलाच्या बाजूला माती भुसभुशीत असते, तिथे दोरी मुळाला बांधलेली बरी. उंच, वठलेल्या झाडाखाली जागा घेऊ नका. या जंगलातल्या मोठ्या झाडांची मुळं खोल जात नाहीत, पसरतात, आणि वारा सुटला की फांद्या आधी खाली येतात.

डॉ_पल्लवी:
आरोग्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. निघण्याआधी हिवतापाबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर घेऊन टाका. ओले बूट दिवसभर राहिले की बोटांच्या बेचक्यात बुरशी येते. रात्री पाय पुसून क्लोट्रिमॅझोलची पावडर आणि कोरडे मोजे, एवढ्याने निभावतं.

सापांबद्दल गंभीरपणे. आपल्याकडचं सीरम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनतं. अंदमानातला हिरवट चापडा वर्गातला साप झुडपात हाताच्या उंचीवर बसलेला असतो आणि हे सीरम त्याच्यासाठी बनवलेलं नाही. म्हणून चढताना न बघता फांदी किंवा खडक पकडू नका. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही. अंगठी-घड्याळ काढा, अवयव हलू देऊ नका, आणि रुग्णालय गाठा. सकाळी बूट झटकून घाला, तिथली गोम वीतभर लांब असते आणि तिचा दंश खूप दुखतो.

कोकणकर:
जळवांना तंबाखूचं पाणी. मोज्यांवर शिंपडायचं.

डोंगरभाऊ:
मीठच उत्तम. तंबाखू धुऊन जाते.

कोकणकर:
मीठही धुऊनच जातं.

डॉ_पल्लवी:
दोन्हींची गरज फेब्रुवारीत फारशी पडणार नाही, तो कोरडा काळ आहे. ओल्या घळीत लागल्याच तर नखाने आधी बारीक टोक सोडवा, मग जाड टोक. मीठ, तंबाखू किंवा चटका दिला तर जळू आतलं ओकते आणि जखमेला संसर्ग होऊ शकतो. साबणाने धुवा, दाबून धरा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, त्याने घाबरू नका.

सागरवेल:
आणि मगर. इतके प्रतिसाद झाले आणि कुणी मगरीचं नाव काढलं नाही. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात खारफुटीच्या खाड्यांत असते आणि खाडीच्या तोंडाशी समुद्रातही येते. पाटी असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही उतरायचं नाही. झोपायची जागा खाडीपासून दूर आणि उंचावर. अंधार पडल्यावर काठावर भांडी घासणं, मासे साफ करणं बंद. रोज त्याच जागी, त्याच वेळी पाणी भरायला जाऊ नका. ती वेळ आणि वाट लक्षात ठेवते.

दुसरं म्हणजे घड्याळ. आपण एवढ्या पूर्वेला असून वेळ भारताचीच पाळतो. फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि घनदाट झाडीत त्याच्या तासभर आधी वाट दिसेनाशी होते. महाराष्ट्रातल्या सवयीने 'सहापर्यंत उजेड आहे' असं धरणारे लोक अडकतात. सॅडल पीकला सकाळी सहाला पाऊल टाका, बाराला जिथे असाल तिथून मागे फिरा, शिखर झालं असो वा नसो.

चौथी_सीट:
स्टोव्ह आणि गॅसचं राहिलं. गॅसचा डबा विमानात न हातातल्या सामानात चालतो, न खाली दिलेल्या. स्पिरिट नाही, इंधनाच्या वड्याही नाहीत. वापरलेल्या स्टोव्हला इंधनाचा वास येत असेल तर तोही काढून घेतात. पॉवर बँक हातातल्या सामानात, चाकू आणि खुंट्या खालच्या सामानात.

अरण्यक:
जंगलात आग पेटवायचीच नाहीये, मग स्टोव्हचा भार कशाला? फेब्रुवारीत खालचा पाला वाळलेला असतो. सकाळी आणि रात्री ढाब्यावर जेवा, साधी थाळी परवडते. वाटेत न शिजवता खाता येईल असं घ्या: सातूचं पीठ, भाजके पोहे, शेंगदाणे-गूळ, मेतकूट. सातू पाण्यात कालवला की पोट भरतं आणि मीठ घातलं तर घामाचीही भरपाई होते. खाणं झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा, प्लास्टिकची पिशवी उंदीर आणि खेकडे एका रात्रीत फाडतात. पाणी माणशी तीन लिटर पाठीवर. ओढे या काळात आटत जातात, 'वर मिळेल' यावर विसंबू नका. ओढ्याचं प्यायची वेळ आलीच तर आधी रुमालातून गाळून मग क्लोरीनची गोळी, आणि पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पटकन वाळणारे. सुती जीन्स दोन दिवस ओली राहते. रानातल्या वेताच्या वेलींना पात्यांच्या टोकापासून चाबकासारखा लांब दोरा असतो आणि त्यावर मागे वळलेले बारीक आकडे. अडकलात तर पुढे ओढू नका, आकडे आणखी रुततात. एक पाऊल मागे या, ते आपोआप सुटतात.

रफूगार:
जाळीबद्दल एक स्वस्त उपाय. ऑर्गँझाचं (बारीक विणीचं, पारदर्शक) कापड घ्या, ५८ इंच पन्ह्याचं, साडेनऊ मीटर. त्यातलं ६.८ मीटर म्हणजे चारही भिंती, जमिनीवर ११० सेंटिमीटर उंची आणि उरलेला पन्हा खाली खोचायला. वरच्या छताला २१० बाय १३० सेंटिमीटरचा तुकडा. उरलेलं शिवणीत जातं. दार ठेवू नका, चेन महाग आणि तिच्या टोकाशी फट राहते. कड उचलून आत जायचं आणि ती चटईखाली दाबायची. ऑर्गँझाचे धागे सुटतात, म्हणून प्रत्येक शिवण दुमडून वर सुती पट्टी मारा, आणि चार कोपऱ्यांना आतून दुहेरी कापड लावून नाडीचे फासे. शिंपी दोन तासांत शिवून देईल. तोटा एकच, बारीक जाळीतून हवा कमी येते.

डोंगरभाऊ:
घरगुती जुगाडावर जंगलात भरवसा ठेवू नये. तंबू घ्या. १४,००० नसतील तर भाड्याने घ्या.

निळाई:
भाड्याचे तंबू घेताना जाळी उजेडासमोर धरून बघा. एका दुकानाने दिलेल्या तंबूच्या जाळीला सिगारेटची भोकं होती आणि अनामत परत द्यायला महिना लावला.

झोळीवाला:
हॅमॉक. अजूनही सांगतो.

सागरवेल:
अजून एक. शंख, प्रवाळ, वाळूतला तुकडासुद्धा उचलू नका, विमानतळावर सामान तपासतात. आणि दिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर याच दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, चार प्रकारची. तिथे वाळूवर काहीही अंथरायचं नाही आणि पांढरी बॅटरी लावायची नाही. बॅटरीवर लाल कागद लावा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते सांगते.

तंबू नाही आणि हॅमॉकही नाही. तीन बाय तीनचा टार्प, त्याखाली रफूगार यांनी सांगितली तशी शिवलेली जाळी, खाली जाड प्लास्टिक आणि चटई. प्लास्टिक टार्पपेक्षा चारही बाजूंनी वीतभर लहान ठेवतेय, म्हणजे पावसाचं पाणी त्यावर साचणार नाही. मधली दोरी दहा मीटर, बाजूच्या चार तीन-तीन मीटर. बाजू उघड्या असल्यामुळे वाफेचा प्रश्न नाही आणि खर्च २,६०० च्या आत बसतोय. आवारातच राहणार असल्याने चारी बाजूंनी बंद तंबूची गरज वाटत नाही. जोराचा पाऊस आलाच तर व्हरांड्यात सरकू, तसं आधीच फोनवर विचारून ठेवलंय.

हॅवलॉक वगळलं. लाँग आयलंडला चार रात्री, दिगलीपूरला दोन, बाकी प्रवास आणि पोर्ट ब्लेअर. लालाजी बेला मुक्कामाचा अर्ज करणार नाही, सकाळी जाऊन तीनपर्यंत परत. सॅडल पीकला बाराचा नियम पाळू. स्टोव्ह नाही.

डोंगरभाऊ:
टार्पखाली वारा आडवा आला तर पाऊस थेट आत येतो. समुद्राकडची बाजू जमिनीला टेकवून बांधा, दुसरी उंच ठेवा.

रानजाई:
हो, वाऱ्याकडची बाजू खाली. वाळूसाठी सहा कापडी पिशव्याही भरल्यात सामानात.

कोकणकर:
खोबरेल तेल किती नेताय? अर्धा लिटर न्या, दोघींना नऊ दिवस कमी पडतं. आणि बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून खालच्या सामानात.